चाकात गुंतलेला दोरा

मुलांनो, जरा डोळे मिटा. मनात एक मोठी नदी आणा, इतकी संथ की तिच्यात पडलेले ढगही पेंगत पेंगत पुढे सरकतात. नदीच्या मधोमध एक बेट. बेटावर चिंचेच्या झाडाखाली एक नवी निळी सायकल उलटी उभी आहे, सीट आणि हँडल जमिनीला टेकलेलं, चाकं आभाळाकडे. आणि तिच्यासमोर, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली अकरा वर्षांची मालीवान.

सायकल घरी येऊन दोनच दिवस झाले होते. मालीवानची नवी शाळा बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आठ किलोमीटरवर होती आणि उद्या पहिला दिवस. आईने सकाळीच बजावलं होतं, "कालपासून चारदा चेन पडली. भर रस्त्यात अडकलीस तर कुठे शोधू तुला? संध्याकाळपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर पाकसे शहरात मावशीकडे राहून शिकायचं."

मावशी चांगली होती. पण तिच्या घरी पहाटे चुलीशी बसून, चिकट भाताची वाफ तोंडावर घेत आईशी गप्पा मारता येणार नव्हत्या.

"लुंग, दुकानदाराने फसवलं आपल्याला," मालीवान म्हणाली. लुंग म्हणजे थोरले काका. चिंचेखाली सायकली दुरुस्त करणाऱ्या सोमवांगना सारं बेट याच नावाने हाक मारायचं.

"लगेच चोर ठरवलंस त्याला? अगं, नवी सायकल पहिले काही दिवस अंग सैल सोडते. ब्रेकच्या वायर ताणतात, नट ढिले होतात. चेन पडते कधी ते सांग. चढावर?"

"नाही. पायडल मारायचं थांबवलं की."

"मग फिरव. आणि बघू नकोस, ऐक."

तिने हाताने पायडल फिरवलं. मागचं चाक गरगरलं, आरे विरघळून गेले आणि चाकातून पलीकडची नदी दिसू लागली. जणू चाकच नदीला फिरवत होतं. मालीवान इतकी हरवली की ऐकायचंच विसरली.

"झोपलीस?"

"नाही हो! कुरकुरतंय. मधूनच, दाढेत काही अडकल्यासारखं."

"आता पायडल थांबव."

तिने थांबवलं. चाक मोकळं फिरायला हवं होतं, पण ते चेनलाही पुढे रेटत राहिलं. चेन ढिली पडली, लोंबली आणि दात्यांवरून घसरली.

लुंगनी चाकाच्या मध्यावर बोट ठेवलं. दातेरी चकती आणि चाक यांच्या फटीत पांढरं काहीतरी घट्ट गुंडाळलं होतं. सुती दोरा!

मालीवानने जीभ चावली. परवा सायकल घरी आली तेव्हा गाव जमलं होतं. घरातलं कुणी लांब जाणार असलं की त्याचे प्राण अंगातच राहावेत म्हणून मनगटाला पांढरे दोरे बांधायचे, तशी सायकललाही बांधायची सगळ्यांना हौस. पण सायकलला मनगट कुठे शोधायचं? कुणी ब्रेकला बांधला, कुणी पायडलला. मासळीवाल्या काकूंनी तर मागच्या चाकाच्या आसापाशी पाच गाठी मारल्या होत्या.

"काकूंची माया जरा जास्तच घट्ट निघाली," लुंग हसले.

"कापू नका हं! दोरा कापला की आशीर्वाद तुटतो. आणि तो तीन दिवस तरी सोडायचा नसतो, अजून तेवढेही झाले नाहीत."

"तीन दिवस माणसासाठी. माणूस असा गरगर फिरतो का? आणि कापतंय कोण? तू टोक धर. मी चाक उलटं फिरवतो."

चाक हळूहळू उलटं फिरू लागलं. मालीवानच्या बोटांत दोरा येऊ लागला, वीतभर, हातभर, तेलाने काळा पडलेला. वारा पडला होता. दुपार जागच्या जागी थांबली होती. तिला वाटलं, असंच फिरत राहिलं तर आजची सकाळ मागे जाईल, मग काल, मग परवा, आणि काकू पुन्हा गाठी मारत पुटपुटतील, 'सुखाने जा, सुखाने ये.' तिने एकदाही हिसका दिला नाही. शेवटचा वेढा सुटला आणि चाक असं निःशब्द फिरलं की ते फिरतंय हेच कळेना.

मग लुंगनी पाना तिच्या हातात दिला. मागचं चाक जरा मागे ओढून तिने चेन ताणली, नट आवळले, ब्रेकची वायर खेचून घेतली.

संध्याकाळी आई आली आणि थेट कॅरिअरवर बसली. "चल. पडली चेन, की पाकसे."

विहारापर्यंतचा उतार आला. मालीवानने पायडल थांबवलं. चेन जागची हलली नाही. पण उतार संपता संपता मागून आवाज आला: टिक, टिक, टिक.

"बघ!" आई खाली उतरली. "म्हटलं नव्हतं मी?"

मालीवानने सायकल स्टँडवर लावली. तिने चाक फिरवलं, डोळे मिटले. मग मडगार्डची हललेली तार आऱ्यांपासून दूर सारून तिचा नट बोटांनीच आवळला. पुन्हा फिरवलं. आवाज नाही.

आईने लेकीच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"उद्या निघायचंय किती वाजता?"

"सहाला."

"मग भात पाचलाच लावायला हवा," आई म्हणाली.

मालीवानने बोटं गवताला पुसली, सायकल स्टँडवरून काढली आणि आई बसेपर्यंत दोन्ही ब्रेक घट्ट दाबून धरले.