सोडलेला दोर

हरिश्चंद्राने दोराला हात लावला आणि बाकीच्या सगळ्यांनी दोर सोडला.

बाळाची होडी अर्धी पाण्यात, अर्धी वाळूत होती. सगळी वाडी तिला एका सुरात वर ओढत होती. हात सुटले तशी ती गचकन मागे घसरली. एकजण लंगोटीची गाठ आवळू लागला, एकजण उगाच समुद्राकडे बघू लागला. दोर धरून हरिश्चंद्र तेवढा एकटा उभा राहिला. मग त्यानेही तो खाली ठेवला, मांडीला हात पुसले आणि उंडीच्या झाडाखाली जाऊन बसला. लगेच सगळे हात पुन्हा दोरावर आले, आरोळी उठली आणि होडी वर चढली.

होडी त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती. बाळाने एकदाही मान वळवली नाही.

मालन, हरिश्चंद्राची बायको, मासळीच्या वाळवणापाशी उभी राहून हे पाहत होती. भावाच्या होडीला हात लावू दिला नाही, ते तिने गिळलं. पण आता किनाऱ्यावर खाली एकच होडी उरली होती आणि ती त्यांची होती. ज्येष्ठातल्या अमावास्येचं उधाण दाराशी आलं होतं. त्याच्या आत होडी माडांपर्यंत वर गेली नाही, तर समुद्र तिच्या ढलप्या करणार. होडी गेली की मग नवरा दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारणार. आणि वाळीत टाकलेल्याला दुसरा तरी कोण होडीवर घेणार?

हे सगळं झालं ते एका मतापायी.

त्या साली लोकल बोर्डाची निवडणूक होती. वाडीतल्या ज्या घरांना मत होतं, त्यांची गावकी देवळात बसली आणि मतं चिंतामणी वकिलांना द्यायची असं ठरलं. वकिलांनी वाडीला धक्का बांधून देण्याचा शब्द दिला होता. त्यांच्या विरुद्ध आंब्याच्या कलमांचा एक बागवाला उभा होता. मतदान रत्नागिरीच्या एका शाळेत झालं. वाडीचे मतदार दोन होड्या करून, फेटे बांधून गेले आणि लग्नाला जाऊन आल्यासारखे परत आले. आणि वकील पडले. तेही थोडक्यात.

तेव्हापासून वाडीत कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही. विहिरीवर बायका एकमेकींच्या घागरींत बघावं तशा एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. कुणाच्या घरी आंब्याची पाटी आली तरी ती बागवाल्याची असणार, असं ठरू लागलं. शेवटी वाडीचा म्होरक्या सखाराम तांडेल याने पुन्हा गावकी बसवली. देवापुढे नारळ ठेवला. प्रत्येकाने त्यावर हात ठेवायचा आणि मी वकिलालाच मत दिलं असं म्हणायचं. एकेक उठला, एकेकाने हात ठेवला. सगळ्यांनी वकिलालाच मत दिलेलं निघालं! मग वकील पडले कसे, हे देवालाच ठाऊक.

हरिश्चंद्राची पाळी आली तेव्हा तो उठला, देवाला नमस्कार केला आणि म्हणाला, "मत दिलंय. कुणाला, ते मी सांगणार नाय."

"नाव हरिश्चंद्र नि खरं बोलाया तोंड उघडत नाय," कुणीतरी मागून म्हणालं. हसणं झालं. मग हसणं थांबलं आणि सखारामने विचारलं, ह्याला वाळीत टाकायचा की नाही? हात वर करा. सगळे हात वर झाले. त्यांत बाळाचाही होता.

त्या दिवसापासून न्हावी येईना, कुणी विस्तव देईना. शेजारच्या वाड्यांतही निरोप पोचला. मालनला आधी वाटलं होतं की चार दिवसांत निवळेल. पण गावकीचा राग समुद्रासारखा ओसरत नाही, हे तिला दोराजवळ कळलं.

ती तशीच सखाराम तांडेलाच्या अंगणात गेली. सखाराम जाळं सांधत बसला होता. माणूस दुष्ट नव्हता. मिठाच्या सत्याग्रहात त्याने पाठीवर लाठ्या खाल्ल्या होत्या, आणि अजून पाऊस आला की त्याची पाठ धरायची. वाडीत स्वराज्याचं भाषण कुणी द्यायचं तर त्यानेच.

"काका, आमची होडी तेवढी वर घ्या," मालन म्हणाली. "माणसांवरचा राग होडीवर कशाला?"

"मालन, तुझ्या घोवाशी माझं काय वैर हाय काय? अख्ख्या वाडीनं हात ठेवलान. त्यालाच काय इंचू डसला?"

"त्यांनी वकिलालाच दिलं असंल."

"असंल? म्हंजे तुला तरी सांगितलान काय?"

मालनने पायाने अंगणातला शिंपला सरकवला.

"बघ. बायकोला सुदा सांगत नाय तो माणूस. काळंबेरं नाय तर लपवतो कशाला?" सखारामने सुतळी दाताने तोडली. "माझा पोरगा ह्या समोरच्या खडकावर होडीसकट फुटला गो. धक्का असता तर आज माझ्या जाग्याला तो बसला असता. एका माणसाच्या हट्टापायी धक्का गेला, असं मी समजतो. त्यानं नारळावर हात ठेवून मला खोटं पाडावं. मी सोता दोराला लागन."

"मी ठेवते हात. त्यांच्या वतीनं."

"बायकांचा हात चालत नाय. तुला मत हाय काय?"

मालन परत आली ती सखारामवर चिडून नव्हे, नवऱ्यावर चिडून. सखारामचं म्हणणं तिला पटलं होतं, हीच तर पंचाईत. लपवतो कशाला? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाच्या पोटात काय आहे याचा थांग तिला कधी लागला नव्हता. मतदानानंतर तो बागवाल्याच्या फाटकाशी उभा होता, असं विहिरीवर कुणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेताने बोललं होतं. तिने त्याचं गाठोडं उलटंपालटं करून पाहिलं होतं. काही सापडलं नाही, पण सापडलं नाही म्हणून तिचा संशय गेला असंही नाही.

दिवेलागणीला ती त्याच्या पुढ्यात जाऊन बसली. "कुणाला दिलंत मत? मला सांगा. मी बायको हाय."

हरिश्चंद्राने पायाच्या बोटांकडे पाहिलं.

"वकिलाला."

"वकिलाला?" मालनचा आवाज चढला. "मग जावा नि सांगा! येवढं रामायण कशाला?"

"न इचारता सांगितलं असतं. इचारला तर नाय."

"हे काय बोलणं झालं?"

"तिथं मास्तर व्हता एक. त्यानं कागद हातात दिलान नि बोलला, पडद्याआड जा, कुणाला दाखवू नको, कुणी इचारला तर सांगू नको. मी आत गेलो. आत मीच एकला." तो थांबला. त्याला इतकं बोलायची सवय नव्हती. "मालन, मासळी मारली तर तिचे वाटे. जाळं इणलं तर त्यात चार घरांचे हात. माझं लगीन सुदा गावकीनं ठरवलान. त्याचं मला दुख नाय. पण पडद्याआड मला कसं वाटलं सांगू? असं कधीच वाटलं नव्हतं गो. तेवढा एक कागद माझा. तो पण नारळावर ठेवू?"

त्याचे डोळे भरले होते. मालनला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल मायाही दाटून आली. तो खरं बोलतोय का, हा किडा मात्र डोक्यात वळवळतच होता.

तेवढ्यात मागच्या दाराने बाळा आला. वाळीतल्याच्या घरी पुढच्या दाराने कोण येतं?

"दादा, एकदा हात लाव नि मोकळा हो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नारळ काय बोलतो? मी नाय लावला?"

"तू लावलास तर काय झालं?" मालन म्हणाली. "तू दिलं असशील वकिलाला."

बाळाने दाराकडे पाहिलं. "नाय दिलं. माझी चिठ्ठी बागवाल्याला. माझी बायको त्याच्या कलमांत कामाला जाते, त्याचं मीठ खाताव आमी. पण हात लावला मी. आज माझी होडी वर हाय."

मालन त्याच्याकडे सरकली. "म्हंजे खोटं बोलणारा गावकीत नि हे वाळीत? तुझा हात पण वर व्हता रे मेल्या!"

"हळू बोला, वैनी."

"बाळा, तू घरी जा," हरिश्चंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. बाळा आला तसा गेला.

मालन उठून उभी राहिली. "आत्ता जाते नि सांगते तांडेलाला. उद्या आपली होडी वर नि त्याची खाली."

"सांगायचं नाय."

"का पण?"

"त्याची चिठ्ठी त्याची. माझी सांगणार नाय नि त्याची सांगू काय?"

"मग होडी द्या समुद्राला!" असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्राने ओंडके टाकून होडी एकट्याने सरकवून पाहिली. वाळू तिला सोडेना. मग तो घरी आला, कोयता घेऊन गेला आणि होडीचे टाके कापायला बसला.

ती जुन्या पद्धतीची होडी होती. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या होत्या. टाके कापले की फळी सुटायची. बापाने शिवलेली होडी पोरगा उसवतोय, हे पाहायला वाडी माडांखाली जमली. मालनने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि एकेक फळी वर न्यायला सुरुवात केली. त्या लोकांच्या मधूनच वाट होती. ती आली की ते बाजूला सरत. त्यांच्या तोंडांकडे ती एकेक करून बघत होती. ह्याने खोटा हात ठेवला असेल की त्याने? आता तिला सगळेच तसे दिसत होते.

फळ्या संपत आल्या. उरलं ते तळाचं लाकूड, होडीच्या लांबीचं, एकाच झाडाचं. ते दोघांनी उचलायचं काम नव्हतं. पाणी त्याच्या टोकाला येऊन पोचलं होतं.

सखाराम तांडेल खाली आला. त्याच्या मागून वाडी आली.

"हरी, अजून तरी बोल. सगळे हात लावताव."

हरिश्चंद्र कोयत्याची धार बघत राहिला. मग सखाराम मालनकडे वळला. त्याचा आवाज मऊ होता, बापाने बोलावं तसा. "मालन, तुला सांगितलान असंल आता. तू बोल. आज तुझा शब्द धरताव आमी. बायकांचा चालत नाय म्हटलं व्हतं, ते इसर."

मालनने डोक्यावरची चुंबळ काढली. दोन नावं तिच्या जिभेवर होती. नवऱ्याचं एक आणि दिराचं एक. बोलली असती तर घटकाभरात लाकूड वर गेलं असतं, न्हावी आला असता, चुलीला विस्तव मिळाला असता. बाळा गर्दीत उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवऱ्याने सांगितलेलं खरं की खोटं, तेही तिला अजून पक्कं ठाऊक नव्हतं. आणि आता, का कोण जाणे, ते कळायलाच हवं असं तिला वाटेना.

"सांगितलान त्यांनी," ती म्हणाली.

सगळी वाडी पुढे झुकली.

"मग बोल की!"

"मला सांगितलान. वाडीला नाय."

कुणी शिवी दिली. कुणी थुंकलं. सगळ्यांत आधी पाठ फिरवून गेला तो बाळा.

दोघांनी लाकडाला खांदे लावले. ते हातभर सरकलं आणि वाळूत रुतलं. पुन्हा लावले. पुन्हा रुतलं. तिसऱ्या खेपेला पाणी त्यांच्या पायांखालून गेलं, लाकूड आपोआप हलकं झालं, एकदा आडवं फिरलं आणि बाहेरच्या बाजूला निघालं. हरिश्चंद्र कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या मागे गेला आणि तिथेच थांबला.

मालनने शेवटची फळी खांद्यावर घेतली.

"चला आता," ती म्हणाली. "भाकऱ्या टाकायच्यात."