उघडं राहिलेलं टोक

आमच्या वर्गात निम्म्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सरळ विकत आणला. मी मात्र हट्टानं शेल स्वतः लिहायला घेतला. काळ्या पडद्यावर आपण हुकूम टाइप करायचा, शेलनं तो संगणकाकडून करून घ्यायचा. एकेकटा हुकूम तो निमूट ऐकायचा. पण एका हुकमाचं उत्तर पाइपमधून दुसऱ्याला द्यायला सांगितलं, की स्वारी ढिम्म! सोमवारी तोंडी परीक्षा होती. तिथं अडकला तर मी नापास, आणि हातात आलेली नोकरीही गेली.

रविवारी उंद्रीला सिंधू आत्याच्या नातीचं नामकरण होतं. मी ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. शेलनं डोकं उठवलं होतं, त्यात पोटात कावळे. पहिल्या पंगतीचं जेवण कधीच आटोपलं होतं, हात ताटात वाळले होते, पण कुणी उठेना. आमच्याकडे पंगतीत एकजण जरी बसलेला असला, तरी त्याचं जेवण चालू आहे असं धरून सगळे थांबतात.

शेवटी आत्या पंगतीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या आबांवर करवादली, "मोतीराम आबा, उठून काऊन नाई राह्यले? सारे तुमच्यासाठी थांबले ना!"

"माह्यासाठी?" आबा चकित झाले. "मी कुठं जेवून राह्यलो? मले तं डाक्टरनं बंदी केली. पोरायसंगं नुसता बसलो."

सगळे हसले. आबा उठले, तशी अख्खी पंगत उठली. मी ताडकन सरळ झाले. माझा शेल हेच तर करत होता! पाइप जोडून दिल्यावर त्याचं लिहिण्याचं, म्हणजे उत्तर आत सोडायचं टोक तो स्वतःही धरून बसायचा. लिहायचा काहीच नाही. पण टोक उघडं, म्हणून पुढचा हुकूम बिचारा अजून काही येईल या आशेवर थांबायचा.

ते टोक बंद करणारी ओळ घातली. उत्तर धाडकन पडद्यावर! मी किंचाळलेच, "आबा, जमलं!"

"काय जमलं वं पोरी?"

"तुम्ही उठले ते!"

सोमवारी बाहेरून आलेल्या सरांनी हुकमाला हुकूम जोडत लांबलचक शेपूट केलं. उत्तर आलं. आणखी लांब केलं, तेही आलं. त्यांना काही खरं वाटेना.

"कुठून घेतलास?"

"मी लिहिलाय, सर."

त्यांनी कोड उघडायला लावला, खालीवर पाहिला, आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "ही काढली तर काय होईल?"

इतका गोड प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता.