ज्याच्या अंगात कोट, त्याचे शंभर

कारखान्यात सगळे त्याला परीक्षक म्हणत. नोकरी गोठवलेल्या मटारच्या खोक्यांची नोंद ठेवण्याची, पण जेवणाच्या सुट्टीत हा आदल्या दिवशी पाहिलेल्या सिनेमाचा निकाल लावायचा. सिनेमेही एकाच जातीचे. कुणी बर्फात अडकलेला, कुणी समुद्रात भरकटलेला, कुणी खाणीत गाडलेला. निम्मा सिनेमा होईपर्यंत याचा डोळा लागलेला असे, मत मात्र पूर्ण सिनेमाचं.

"ही माणसं थंडीनं नाही, मूर्खपणानं मरतात," तो म्हणे. "दोन माणसं, एक कोट. हिरो कोट काढून बाईला देतो आणि आपण मरतो. अरे, पाळी लावा की! शंभर आकडे तुझे, शंभर माझे. दोघंही जगतील!"

पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. त्यांच्यातल्या मावशी साठीला टेकलेल्या. त्या म्हणत, "भाऊ, पुढच्या वेळी तुम्हालाच पाठवा तिकडे."

कोल्ड रूमच्या दाराबाहेर प्रत्येकाचा बिल्ला टांगलेला असे. आत जाताना तो उलटवायचा, म्हणजे लाल बाजू वर येते. दोनला पहिली पाळी सुटली की सुपरवायझर बिल्ल्यांवर नजर टाकून दाराला कडी घाली. त्या दिवशी पावणेदोनला एका रांगेची लेबलं चुकलेली सापडली. खोकी मावशींनी भरलेली, म्हणून परीक्षक त्यांना आत घेऊन गेला. मावशींचा हात बिल्ल्याकडे गेला तसा, स्वतःचाही बिल्ला न उलटवता, हा म्हणाला, "राहू द्या हो, दोन मिनिटांचं तर काम."

दोन मिनिटांची वीस झाली. मग दार धाडकन लागलं.

बाहेरची कडी आतून सोडवणारा खटका आठ दिवस अडकत होता, आता तर जागचा हलेना. घंटेचं बटण दाबलं, पण ती वाजते सुपरवायझरच्या केबिनमध्ये, आणि केबिन तीनपर्यंत रिकामी. फोन बाहेर कपाटात. भिंतीवरचा काटा उणे अठरावर. परीक्षक दारावर मुठी आपटत राहिला, घसा बसेपर्यंत ओरडला, मग चक्क रडला.

मावशींच्या अंगावर साधा स्वेटर. याच्या अंगात जाडजूड कोट, कारण तो दिवसभर आत-बाहेर करी. मावशींनी कोट मागितला नाही. नुसते हात चोळत उभ्या राहिल्या. त्याला लाज वाटायला दहा मिनिटं लागली.

"शंभर तुमचे, शंभर माझे," शेवटी तो म्हणाला आणि कोट काढून त्यांना दिला.

मोजायचं काम त्याचंच. कोट मावशींकडे असला की थंडी त्याच्या हाडांत शिरे आणि जीभ आपोआप धावत सुटे. कोट अंगात आला की अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशीच्या मध्ये तो चांगला दमदार श्वास घेई. तिसऱ्या पाळीला हे त्याच्या ध्यानात आलं. आता नीट मोजायचं, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं. मावशींच्या पुढच्या पाळीला जीभ पुन्हा धावली.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "माझे शंभर लवकर होतात." आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या खोक्यात माल कमी भरलाय, हे सांगावं तसं त्या सांगत होत्या.

"थंडीनं वाटतं तसं," तो म्हणाला.

त्याच्या पाळीला, साठाच्या आसपास, मावशी खोक्यांना टेकून हळूहळू खाली बसल्या. ओठ निळे, डोळे मिटलेले. परीक्षकानं पाहिलं. ही बाई मरणार, आणि मला मरायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तो मोजत राहिला. एकसष्ट. बासष्ट. शंभर झाल्यावरच त्यानं कोट काढला, त्यांच्या अंगावर घातला, बटणं लावू लागला, आणि तेवढ्यात दार उघडलं.

दुसऱ्या पाळीच्या हमालांनी जे पाहिलं ते असं: म्हातारी कोटात गुंडाळलेली आणि परीक्षक पातळ सदऱ्यात गुडघ्यांवर.

प्रथमोपचाराच्या खोलीत सगळे गोळा झाले. मावशींना घोंगड्यांत गुंडाळून हीटरपाशी ठेवलं होतं. अर्ध्या तासानं रंग परतला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. परीक्षकाच्या पाठीवर थापा पडत होत्या.

"सिनेमातला हिरो कमी पडेल!" सुपरवायझर म्हणाला. "मावशी, यांनी स्वतःचा कोट काढून तुम्हाला घातला, कळलं का?"

मावशींनी डोळे उघडले. त्यांनी परीक्षकाकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "शंभर झाल्यावर."

म्हातारी अजून भ्रमात आहे, असं म्हणत बायका हसल्या. कुणीतरी परीक्षकाच्या हातात गरम दुधाचा पेला दिला. मावशी आता चारचौघांत सगळं सांगतील, या भीतीनं तो तिथंच उभा राहिला. मावशींनी घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलं आणि त्याच्याकडे पाठ करून झोपल्या.