सुई काढण्याआधीचा अर्धा तास

मी डाय बोलतोय. कपडे रंगवायचा नव्हे हो, सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ना, तो. रंग म्हणाल तर मला रंगच नाही. पाण्यासारखा दिसतो, जरासा दाट. आवाज कापरा येतोय, सांभाळून घ्या. मी मुळातच भित्रा, आणि आज जे झालं त्यानंतर तर माझी पाचावर धारण बसली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या अंगात आयोडीन आहे. मिठात चिमूटभर असतं तेच, पण माझ्यात भरपूर आणि निराळ्या तऱ्हेनं बांधलेलं. क्ष-किरणांना ते अडवतं, म्हणून मी जिथून वाहतो ती शीर चित्रात पांढरीशुभ्र उमटते. मी नसलो तर पोटातलं सगळं राखाडी, एकात एक मिसळलेलं, आणि डॉक्टर डोळे बारीक करून बघत बसतात. आत जायचं, दाखवायचं आणि मूत्रपिंडांच्या वाटेनं गुपचूप बाहेर पडायचं, एवढंच माझं काम.

मग भीती कसली, असं विचाराल. सांगतो.

दवाखान्यात मला एका उबदार कपाटात ठेवलं होतं. गार असलो की मी घट्ट होतो, शिरेतून नीट सरकत नाही, म्हणून ही बडदास्त. कपाटाच्या काचेतून स्कॅनची खोली दिसायची आणि बाहेरचं बोलणंही ऐकू यायचं. बहुतेकांना माझ्यामुळे काहीच होत नाही. एखाद्याला मळमळतं, एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात. आणि फार क्वचित एखाद्याचा घसाच आवळतो. त्या एखाद्याबद्दल बोलताना सिस्टरचा आवाज खाली जायचा. ते ऐकून माझ्या छातीत धस्स व्हायचं. मला छाती नाही, बाटली आहे, पण धस्स व्हायचं ते व्हायचंच. तो एखादा आपल्या वाट्याला येऊ नये, एवढंच मी मनाशी घोकत बसायचो.

आज सकाळी टेक्निशियननं मला बाहेर काढलं आणि पंपाला जोडलं. टेबलावर एक बाई आडव्या झाल्या होत्या. बेकरीत भट्टीपाशी काम करणाऱ्या, दंडावर जुन्या भाजल्याचे डाग असलेल्या. कित्येक महिन्यांपासून पोटात दुखत होतं, पण अंगावर काढत राहिल्या. शेवटी धाकट्या जावेनं भांडून इथे आणलं होतं. रक्ताची तपासणी झालेली, मूत्रपिंडं ठणठणीत. मला जरा हायसं वाटलं, कारण माझी परतीची वाट तिथूनच जाते.

"आधी कधी डाय घेतलाय?" टेक्निशियननं विचारलं.

"नाही."

"दम्याचा त्रास? कशाची अ‍ॅलर्जी?"

थोरलीनं तोंड उघडायच्या आत दारातून धाकटी म्हणाली, "एकच आहे. माझी!"

"गप गं," थोरली म्हणाली, पण हसली. टेक्निशियनही हसला. मला मात्र हसू येईना.

"अंगात एकदम गरम वाटेल," त्यानं समजावलं. "तोंडाला कशी तरी चव येईल. लघवी झाली की काय असंही वाटेल, पण तसं काही होत नाही. घाबरायचं नाही, हलायचं नाही."

"अहो, मी दिवसभर भट्टीपुढे उभी असते. मला कसली गरमीची भीती घालता?"

पंप सुरू झाला आणि मी आत शिरलो. दंडातून खांद्यात, खांद्यातून काळजात, तिथून सगळीकडे. बाईंचं अंग तापलं, तोंडाला लोखंडाची चव आली. त्या हूं की चूं न करता पडून राहिल्या. यंत्र फिरलं, चित्रं निघाली, आणि तो ताप आला तसा ओसरला. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

बाहेरच्या बाकावर त्यांना बसवून सिस्टर म्हणाली, "अर्धा तास बसायचं. सुई राहू दे हातात. काही वाटलं तर हाक मारा."

काही म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही. तिच्यामागे कामाचा ढीग होता, तिला तरी काय बोल लावू? धाकटी म्हणाली, "तुम्ही बसा राणीसारख्या, मी चहा आणते," आणि जिना उतरून गेली.

तेवढ्यात आत गडबड सुरू झाली.

शरीराचे आपले पहारेकरी असतात. चोरचिलट आत शिरलं की ते धावून येतात. मी चोर नव्हतो हो! पण त्यांची समजूत कोण काढणार? त्यांनी मला पाहिलं आणि बोंब ठोकली. एकानं ठोकली, की सगळ्यांनी. चोर धरायच्या नादात त्यांनी आपल्याच घराची मोडतोड आरंभली.

बाईंच्या तळव्यांना खाज सुटली. त्यांनी ते गुडघ्यांवर घासले. मग मान खाजू लागली. मग ओठ जड झाला. त्या शांत बसल्या होत्या, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं: सांगितलं होतंच की, गरम वाटेल, घाबरायचं नाही. शहाण्यासारख्या त्या घाबरत नव्हत्या!

अहो, घाबरा ना, मी आतून ओरडत होतो. ते गरम वाटणं कधीच संपलं, हे वेगळं आहे, हे वाईट आहे! पण मला कुठलं तोंड? समोरून सिस्टर गेली. "काकू, बरं आहे ना?" तिनं चालता चालता विचारलं. बाई चक्क हसल्या आणि त्यांनी मान डोलावली.

धाकटी चहा घेऊन आली. "चल," थोरली म्हणाली, "सिस्टरला सुई काढायला सांग. घरी जाऊन जरा पडते."

"बसा की. अर्धा तास कुठे झालाय? आणि आवाज का असा बसलाय तुमचा? माझ्यामागे कुणाशी भांडलात?"

"काही नाही गं. ते म्हणाले होते ना, गरम वाटेल."

"ते आत असताना!" धाकटीनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ सुजलेला, मानेवर लाल गांधी. चहा तिच्या हातातून सांडला. "अगं बाई! अहो, कुणीतरी या! माझ्या जावेला बघा काय होतंय!"

"हळू बोल," थोरली कशीबशी म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत मेले!"

एवढ्यात बाईंचा तोल गेला. मी शिरांमध्येच होतो, म्हणून मला आधी कळलं. रक्ताचा जोर ओसरत चालला होता. सगळं सैल पडत होतं, दूर जात होतं. बाई माझ्यामुळे जाणार. माझ्यामुळे! त्या क्षणी मी जितका भ्यालो तितका कुणी भिऊ नये.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "आडवं करा. पाय वर घ्या." त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, कुणीतरी नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, आणि हातातल्या सुईतून सलाइन धो धो सोडलं. हो, त्याच सुईतून. ती काढली असती तर नवी टोचायला शीर सापडणं मुश्कील होतं. आणि बाई घरच्या वाटेवर असत्या तर? त्यापुढचा विचार मी करू शकत नाही. बराच वेळ काही कळेना. मग शिरा पुन्हा भरू लागल्या. घशातून हवा आधी शिट्टीसारखी आणि मग सरळ जाऊ लागली. पहारेकरी बडबडत मागे हटले.

आता संध्याकाळ आहे. बाईंना रात्रभर इथेच ठेवणार आहेत, कारण हे प्रकरण कधी कधी उलटून येतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की चित्र स्वच्छ आलंय, गाठ आहे, पण ऑपरेशन करून निघेल अशा जागी आहे. म्हणजे माझं काम मी केलं. आनंद व्हायला हवा, नाही का?

धाकटी मघाशी रडून घेऊन मग चिडली. "बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मला वाटलं, असंच असतं."

डॉक्टरीणबाईंनी दोघींना माझं बाटलीवरचं पूर्ण नाव सांगितलं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे सांगा, म्हणाल्या. नाव आहे जिभेला गाठ मारणारं. धाकटीनं अडखळत, स्वतःला शिव्या घालत ते पाठ केलं. थोरली म्हणाली, "तुला आलं ना? मग झालं." धाकटी घरी जेवण आणायला गेली. आणि आत्ताच शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, "काय झालं होतं हो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "जरा उष्णता झाली."

ऐकलंत? मी बहुतेक मूत्राशयात जमलोय. थोड्या वेळानं बाई उठतील, आणि मी जाईन. त्यांची माझी पुन्हा गाठ पडू नये, हीच माझी इच्छा. पण माझ्यासारख्या हजार बाटल्या ठिकठिकाणच्या उबदार कपाटांत उभ्या आहेत. उद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या टेबलावर कुणी विचारेल, आधी काही त्रास झाला होता का, आणि या म्हणतील, काही नाही!

तुम्ही तरी ऐका. नुसतं "डाय" म्हणून भागत नाही. आम्ही बरीच भावंडं आहोत, आणि एकाशी बिनसलं तरी दुसऱ्याशी जमू शकतं. ते डॉक्टर ठरवतील, पण कुणाशी बिनसलं ते त्यांना कळायला तर हवं. भिडस्तपणा सोडा, खाज सुटली तर ओरडा, लोकांना बघू द्या. घरी गेल्यावर मला हव्या तितक्या शिव्या द्या, मी ऐकून घेईन. फक्त नाव घेऊन द्या हो. माझं अख्खं नाव घेऊन द्या.