बावट्याची सुट्टी

गाडीतून उतरल्या उतरल्या ठमीनं आधी अग्निशामक केंद्राच्या मनोऱ्याकडे पाहिलं. वर लाल बावटा नव्हता. मग तिनं डोंगराकडे पाहिलं, मग शेजारच्यांच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे. एका सदऱ्याची बाहीसुद्धा हलत नव्हती. आणि सकाळी आप्पांनी फोनवर चांगलं ठणकावून सांगितलं होतं, की वारा सुटलाय, बावटा चढलाय, जमलं तर ये.

ठमी म्हणजे काही आता फ्रॉकातली पोर नव्हती. पन्नाशी ओलांडलेली, शहरातल्या बस डेपोत झाडून सगळ्या चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावणारी बाई होती ती. तिच्यापुढे रजेचा अर्ज धरताना भल्याभल्यांची बोबडी वळायची. 'ठमी' हे नाव आता जगात एकाच माणसाच्या तोंडी उरलं होतं, आणि तो माणूस या घडीला दारात उभा राहून उगाचच चौकटीवरची धूळ पुसत होता.

"वारा पडला वाटतं," आप्पा म्हणाले.

वारा असा पडत नसतो, आणि हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. तिथे वारा मुक्कामालाच येतो. पाऊस सरून गवत पिवळं पडलं की वरच्या उघड्या माळावरून तो खाली उतरतो, कोरडा आणि तापलेला, आणि आठवडेच्या आठवडे घोंघावत राहतो. दारं आपटतात, दाताखाली धूळ करकरते, माणसं विनाकारण एकमेकांवर खेकसतात. डोंगरावर तेव्हा नुसती काडी ओढायचा अवकाश असतो. म्हणून तो बावटा. बावटा वर असेपर्यंत गावात कचरा पेटवायचा नाही, उघड्यावर विडी ओढायची नाही, आणि वेल्डिंगचं तर नावच काढायचं नाही.

आप्पा वेल्डर होते. गल्लीच्या टोकाला, जिथून डोंगराचं गवत सुरू होतं तिथेच त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, गावातलं निम्मं लोखंड त्यांच्या हातचं. पण काम संपलं म्हणून ते घरी आले असं कधी झालं नाही. शेवटचा टाका मारला की जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि स्टूल टाकून तासभर नुसतं बसून राहायचं, अशी त्यांची रीत होती. एखादी ठिणगी कुठे चिंध्यांत, फळीच्या फटीत दडून बसली असेल तर? ठिणगी झोपल्याशिवाय आपण झोपायचं नाही, असं ते म्हणायचे. ते घरी येईपर्यंत ठमीला मात्र झोप लागून गेलेली असायची. लहानपणी तिला बाप माहीत होता तो सकाळच्या टॉवेलाला येणाऱ्या जळक्या लोखंडाच्या वासापुरता.

बावटा चढला की मात्र आप्पा दिवसभर घरी. त्याला ती बावट्याची सुट्टी म्हणायची. सकाळी ते पन्हळीतला पालापाचोळा उपसून काढत, दारांच्या फटींत ओलं गोणपाट कोंबत, आणि मग सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत जमिनीवर ऐसपैस बसत. पत्ते खेळत आणि धडधडीत लबाडी करत. ठमीची वेणी घालायला घेत, आणि ती अशी पिळून घालत की आईला ती सोडवताना नाकी नऊ येत. बावटा चढला की माझ्या घरात एक पोर वाढतं, असं आई म्हणायची. म्हणायची खरी, पण तिचा एक कान अग्निशामकच्या भोंग्याकडे असायचा, आणि चादरी, कपडे भरलेली पिशवी दाराशीच ठेवलेली असायची. मोठ्यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि ठमी आपली आनंदात. शाळेत बाईंनी विचारलं, तुम्हाला कोणते दिवस आवडतात. ठमीनं हात वर करून सांगितलं, वाऱ्याचे. बाईंच्या भावाचा गोठा आदल्याच वर्षी वणव्यात गेला होता. घरी आईनं तिला चांगलं फैलावर घेतलं. आप्पा नुसते पत्ते पिसत राहिले.

आता आई नव्हती. वर्कशॉपला कुलूप होतं, कारण आप्पांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. आणि वारा पूर्वीचा राहिला नव्हता. दर वर्षी लवकर यायचा, उशिरा जायचा. गेल्या खेपेला वणवा थेट गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि वर्कशॉपचा पत्रा काळा करून गेला. त्या दिवशी अग्निशामकच्या जवानांनी आप्पांना अक्षरशः उचलून गाडीत घातलं होतं. तेव्हापासून ठमीनं एकच धोशा लावला होता, शहरात चला. आप्पांचं उत्तरही ठरलेलं, बघू. म्हणून बातम्यांत वाऱ्याचा इशारा आला की ती डेपो टाकून धावत यायची आणि बावटा उतरला की परत जायची.

आज मात्र भीती वेगळीच होती. वारा आहे की नाही हेच ज्याला कळेनासं झालंय, त्याला या डोंगराखाली एक दिवससुद्धा एकटं कसं ठेवायचं? तिनं पुढचा मागचा विचार न करता पलंगाखालची बॅग ओढली आणि आप्पांचे सदरे कोंबायला सुरुवात केली. भरता भरता, सहज विचारल्यासारखं, आज वार कोणता असं विचारलं.

"मंगळवार," आप्पा म्हणाले. "तू माझी लेक, आणि तुला राग आला की तुझा डावा कान लाल होतो. अजून काही विचारायचंय?"

ठमीचा हात थांबला.

"वारा नव्हता, हे मला ठाऊक होतं," ते खाली बघत म्हणाले. "या वर्षी त्याला उशीर झाला. वाट बघून बघून कंटाळलो."

"वाऱ्याची वाट? आप्पा, अर्धा गाव जळता जळता राहिलाय."

"वाऱ्याची वाट कोण बघेल, ठमे? वारा सुटला की तू येतेस."

ती पलंगावर बसली. बावटा नसताना, उगाच म्हणून, आपण इथे शेवटचं कधी आलो होतो ते आठवायला लागली. आठवेना. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, तेवढ्यातली प्रत्येक खेप बावट्याचीच होती. फोनसुद्धा त्याच दिवसांतले. तिला वाटायचं, आपण किती करतो. अपराध्यासारखं वाटून तिनं लगेच दुसरी बाजू धरली. असं खोटं पुन्हा सांगू नका, म्हणाली. एक दिवस तो खरंच सुटेल आणि मी म्हणेन आप्पांची नेहमीची थाप, आणि येणार नाही, मग? आप्पांनी मान हलवली. पुन्हा नाही सांगणार, म्हणाले. ते इतके ओशाळले होते की तिलाच वाईट वाटलं.

"म्हणून म्हणते, चला माझ्याकडे," ती मऊ आवाजात म्हणाली. "तिथे वारा नाही, वणवा नाही."

"तेच तर. तिथे वारा नाही. मग तू घरी कधी असशील?"

पहिली बस सुटायच्या आधी ठमी डेपोत असायची आणि शेवटची आत आल्यावर निघायची. तिच्या घरी आप्पा गेले तर कुलुपाची किल्ली सांभाळायला एक माणूस मिळाला, एवढंच.

मग ठमीनं डेपोत मांडते तसा हिशेब मांडला. वाऱ्याचे दिवस आप्पांनी शहरात काढायचे, आणि त्या दिवसांत तिनं संध्याकाळी वेळेवर घरी यायचं, मग शेवटची बस कुणी का मोजेना. वारा पडला की आप्पांनी इथे परत यायचं. आणि मग तिनं यायचं, राहायचं, दर महिन्याला.

आप्पांना सौदा वाईट वाटला नाही. पण त्यांचा विश्वासही बसला नाही.

"वारा नसताना येशील? डेपोत काय कारण सांगशील?"

"वडिलांकडे जायचंय, म्हणून सांगेन."

"तेवढ्यावर देतात रजा?"

"रजा देणारी मीच आहे, आप्पा."

ती हसली. आप्पाही हसले, आणि मग खरोखरच न कळून त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही घेतलीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. आई गेली तेव्हा सगळं निस्तरायच्या नादात जे रडणं राहून गेलं होतं ते आत्ता भरदुपारी, बापाचा अर्धवट घडी केलेला सदरा मांडीवर असताना, ठमीला आवरेना. आप्पा शेजारी बसून राहिले. तिचं रडून होईपर्यंत ते उठले नाहीत. मग त्यांनी विचारलं, जेवून आलीस का.

त्या दिवशी गावात पानसुद्धा हललं नाही, आणि ठमी राहिली.