आतल्या खोलीतला खोकला

रविराजला मनमाडला जायचं नव्हतं. त्यात नवऱ्या मुलाचा काही दोष नव्हता की नवरीचा. दोष होताच तर रविराजच्या नोकरीचा. तो वेबसाइट बनवायचा, आणि बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यात कॉम्प्युटरवाले जावई म्हणजे बिघडलेल्या प्रत्येक वस्तूचे डॉक्टर. मागच्या लग्नात अक्षता पडत असताना कुणीतरी त्याच्या हातात प्रिंटर ठेवला होता. त्याआधीच्या बारशाला नवनाथमामांनी, म्हणजे हर्षालीच्या थोरल्या मामांनी, त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "आमच्या इन्व्हर्टरचं जरा बघता का?" आणि आता मामांच्या मुलीचा साखरपुडा होता.

"रविवारी साइट लाइव्ह जायचीय," त्याने जेवताना पानाकडे बघत सांगितलं. "ऑस्ट्रेलियातली मंडळी आहेत. मला जागचं हलता येणार नाही."

हर्षालीने त्याच्याकडे एक नजर टाकली. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची, पण आई समोर असली की 'अहो'. "अहो, मामांना काय सांगू?"

"खरं ते सांग."

खरं ते असं होतं, की साइट शुक्रवारीच लाइव्ह गेली होती. रविवारी रविराज आणि त्याचा ऑफिसातला दोस्त हुजैफा रामशेज किल्ल्यावर जाणार होते. हुजैफा बायको रुखसार आणि मुलगी इन्शासह देवळाली कॅम्पात राहायचा. दोघांचं काम घरूनच चालायचं, त्यामुळे एकाच शहरात राहून ते एकमेकांना स्क्रीनवरच भेटायचे. पाठीला बाक आला होता, पोटाला घेर आला होता. डोंगर चढायचाच, असं दोघांनी ठरवलं होतं.

बेत बिघडवला सासूबाईंनी. लंकाबाई पेठ गावाहून आठवड्यासाठी लेकीकडे आल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी त्यांनी सोफ्यावर बसून गुडघा चोळायला घेतला. "हर्षे, माझं काय खरं नाय बाई. गुडघा लय ठणकतोय. तू पोरीला घेऊन जा मनमाडला. मी राहीन घरी, जावयांच्या जेवणाखाण्याचं बघीन."

घरी सासूबाई असताना घराबाहेर पडायचं कसं?

पण तो प्रोग्रामर होता. अडचण आली की तिच्यावर कोड लिहायचा, हा त्याचा स्वभाव. हर्षालीची आवराआवर चालू असताना त्याने आतल्या खोलीत बसून वेबसाइटचं एक छोटंसं पान तयार केलं. ते उघडून ठेवलं की लॅपटॉपमधून कीबोर्डचा टकटकाट ऐकू यायचा. मधूनच रविराजचाच आवाज यायचा, "हो, ऐकू येतंय." मग पुन्हा टकटक. मग, "माझ्याकडे तर नीट चालतंय." मग थोडा खोकला, खरेपणासाठी. क्रम दरवेळी वेगळा, म्हणजे कुणाला शंका नको. ऑफिसच्या कामात त्याने इतका जीव कधी ओतला नव्हता.

सकाळी उजाडताच नवनाथमामांची गाडी आली. हर्षाली आणि पहिलीतली सायली नटूनथटून गेल्या. रविराजने लंकाबाईंना बजावलं, "आई, मोठी मीटिंग आहे. दुपारपर्यंत दार वाजवू नका."

"नाय वाजवत. मी बी तेल लावून पडते जरा," लंकाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्याला कधी नव्हे ती प्रसन्नता दिसली. गुडघेदुखीच्या मानाने अंमळ जास्तच, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

त्याने आतून कडी लावली, पान चालू केलं, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि स्वतःवरच खूश झाला. मखमलाबाद रोडचा त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर होता. गॅलरीच्या कठड्यावरून उडी मारली की थेट पार्किंग. उतरताना शेजारच्या झुंबरबाईंच्या तुळशीला त्याचा पाय लागला. त्याने तुळशीला नमस्कार केला आणि स्कूटर बाहेर काढली.

आशेवाडीच्या पायथ्याशी हुजैफा मोटारसायकलला टेकून उभा होता. "आलास का भाई? मला वाटलं, सासूने धरून ठेवलं."

"सासूबाई गुडघ्याला तेल लावून झोपल्यात," रविराजने सांगितलं, आणि दोघं चढू लागले.

थंडीचे दिवस होते. खाली द्राक्षबागांवर धुकं साचलं होतं. वाळलेल्या गवताचा वास येत होता. पहिल्या चढालाच दोघांना इतका दम लागला की बोलणंच बंद झालं. गुहेतल्या रामाच्या देवळाशी पोचेपर्यंत हुजैफा दर दहा पायऱ्यांनी 'फोटो काढू' म्हणून थांबत होता आणि फोटो मात्र काढत नव्हता.

देवळाच्या वर, पायऱ्यांच्या वळणावर, एक बाई झपाझप चढताना दिसली. नऊवारीचा काचा मारलेला, डोक्याला मफलर, पायात गुलाबी पट्ट्यांचे बूट. बूट रविराजच्या ओळखीचे होते. हर्षालीच्या वाढदिवसाला त्यानेच घेतले होते.

"आई?"

बाई थबकल्या. मागे वळल्या. सासू-जावई एकमेकांकडे बघत राहिले. मग लंकाबाईंना आठवलं आणि त्यांनी पटकन गुडघा धरला.

"आता राहू द्या," रविराज म्हणाला.

"तुमची मीटिंग?"

"तुमचं तेल?"

हुजैफा आधी खोकला, मग हसत हसत पायरीवरच बसला.

वर पोचल्यावर तिघं पाण्याच्या टाक्याजवळ टेकले. लंकाबाईंच्या पिशवीतून नागलीची भाकरी आणि ठेचा निघाला. भाकरी मोडता मोडता त्यांनी सगळं सांगून टाकलं. "मनमाडला जाऊन काय करू? आमची भावजय, नवसावहिनी, धरून बसवणार अन् लेकाच्या बंगल्याच्या फरश्या मोजून दाखवणार. अन् हितं लेकीकडं आले की सोफ्यावर बसा, पाणी घ्या, टीव्ही बघा. अवो, पेठेला मी रोज डोंगरात जाते. सोफ्यावर बसून माझं अंग आंबलंय." त्यांनी खालच्या रस्त्याकडे बोट केलं. "ह्या रस्त्यानं एस्टीनं किती येळा गेले असंल! लगीन झाल्यापासनं खिडकीतून ह्यो डोंगर बघतेय. एकदा वर जायचं, एवढंच होतं मनात. तुमी खोलीत बडबडत होता, म्हणलं हीच येळ. मी तुमच्या आधीच सटकले, पेठेची एस्टी गाठली."

रविराजला हसू आलं, आणि कौतुकही वाटलं. इतक्या वर्षांत तो सासूबाईंशी 'जेवलात का' आणि 'प्रवास कसा झाला' यापलीकडे बोललाच नव्हता.

"मग ठरलं," तो म्हणाला. "मी तुम्हाला पाहिलं नाही, तुम्ही मला पाहिलं नाही."

"देवाची आण," लंकाबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हर्षाली.

"हां, बोल हर्षे... घरीच हाय, कुठं जाणार?... वारा? छे, पंखा हाय. पंख्याचा आवाज... हो, थंडी हाय, पण गुडघ्याला बरं वाटतं गार हवेनं... जावाय? जावाय आत मीटिंगीत." फोन ठेवून त्यांनी सुस्कारा टाकला. "पटलं तिला."

पुढच्याच मिनिटाला रविराजचा फोन वाजला.

"अहो," हर्षालीचा आवाज साखरेत घोळवलेला होता, "खोकला कसा आहे?"

"कुठला खोकला?"

"जो आत्ता आतल्या खोलीत चालू आहे तो."

रविराजच्या हातातली भाकरी तशीच राहिली. हर्षाली शांतपणे बोलत होती. पिंपळगावपर्यंत पोचल्या नाहीत तोच सायलीला गाडी लागली. नवा फ्रॉक आणि मामांच्या गाडीची सीट, दोन्ही धुवायला झालं. मग मुलीला घेऊन ती एस्टीने परत आली. घरात आई नाही. आतल्या खोलीला आतून कडी, आणि नवरा खोकतोय. आधी जरासा. मग सारखा. बोलणं बंद, टायपिंग बंद, नुसता खोकला, दम न घेता.

रविराजने डोळे मिटले. क्रम बदलणाऱ्या त्या ओळीत कुठेतरी चूक राहिली होती.

"मी दार बडवलं, हाका मारल्या. सायली रडायला लागली, बाबांना काय झालं म्हणून. झुंबरबाई आल्याचा काढा घेऊन धावत आल्या. गॅलरीतून वाकून बघितलं तर खुर्ची रिकामी, आणि लॅपटॉप खोकतोय. त्या म्हणाल्या, 'हर्षाली, ह्यालाच पाजू का काढा?'"

"सॉरी," रविराज पुटपुटला.

"शेजारी आई बसलीय ना? तिलाही सांगा, तिचा पंखा इथपर्यंत ऐकू येतोय. आणि दोघं लवकर या. साखरपुडा आटपून मामांकडची सगळी मंडळी त्र्यंबकेश्वरला निघणार आहेत. वाटेत आपल्याकडे जेवायला थांबतील. मी आत्ताच फोन करून आग्रहाचं आमंत्रण दिलंय."

फोनजवळ कान आणून बसलेल्या लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. "नवसावहिनी बी?"

"सगळी," रविराज म्हणाला.

"मी पायथ्यावरूनच घरी निघतो हं," हुजैफा घाईघाईने म्हणाला. "रुखसारने भाजी आणायला सांगितलीय." अशी त्याची दोस्ती.

दुपारभर सासू-जावई बटाटे सोलत बसले. हर्षाली खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. संध्याकाळी मंडळी आली. नवनाथमामांनी चपला काढायच्या आत पिशवीतून जुना टॅब काढला, नवसाबाईंनी फरशीचा विषय काढला. दोघांनीही मान खाली घालून सगळं सोसलं. झुंबरबाई मुद्दाम डोकावून "आता कसा आहे खोकला?" असं तीनदा विचारून गेल्या.

मंडळी निघाल्यावर रविराज भांडी विसळत होता. हर्षाली शेजारी येऊन ताटं पुसायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. 'अहो' गेलं होतं, म्हणजे राग उतरला होता किंवा खरा राग आता सुरू होत होता.

"तू चिडली असतीस. मनमाड सोडून डोंगर म्हणून."

"चिडले असते. मग मीही आले असते. लग्नाआधी अंजनेरीला कोण पुढे होतं? सायली झाल्यापासून तू मला एकदा तरी विचारलंस? डोंगर तुझा, लॅपटॉप तुझा. मला काय मिळालं, मामांची गाडी?"

रविराजने नळ बंद केला. सकाळपासून तो स्वतःला फार हुशार समजत होता. सासूला फसवायला तासन्‌तास कोड लिहिला, आणि बायकोला एक साधा प्रश्न विचारायला जीभ रेटली नव्हती.

"पुढच्या रविवारी येतेस?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी मी जाणारच आहे. हरिहरला. आई येतेय आणि रुखसारही. तिला मी दुपारीच फोन केला. तू आणि हुजैफा मुलांना सांभाळा."

बाहेरच्या खोलीतून लंकाबाईंचा आवाज आला, "माझं पेठेला जायाचं आठ दिवस पुढं गेलंय बरं का, जावाय!"

आणि खरोखरच त्या रविवारी पहाटे तिघी निघाल्या. हुजैफा आपल्या इन्शाला घेऊन रविराजकडे आला. दोन मुलींनी मिळून हॉलमध्ये दुकान मांडलं, दोन्ही बापांना गिऱ्हाईक केलं आणि काकडीच्या चकत्या विकत घ्यायला लावल्या. ऑस्ट्रेलियाच्या बाईंनी मध्येच एका बटणाचा रंग बदलायला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा रविराजच्या कपाळावर सायलीने तीन टिकल्या लावल्या होत्या. बाईंनी त्याला सणाच्या शुभेच्छा दिल्या. कुठला सण ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

दुपारी फोनवर फोटो आला. हरिहरच्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर तिघी एकीखाली एक, खोबणीत हात घालून चिकटलेल्या. सगळ्यात वर लंकाबाई, खाली बघून ओरडत असाव्यात. हर्षालीचे केस विस्कटले होते आणि ती तोंडभर हसत होती. असं हसताना त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"काय यार, मजा करतायत," हुजैफा म्हणाला.

"खूप," रविराज म्हणाला. त्याला हेवा वाटला, चांगलाच वाटला. त्याने तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, आणि मग इन्शाने काकडी संपल्याचं जाहीर केल्यामुळे विळी घेऊन खाली बसला.