हळदीच्या ढोलानं सूड उगवला

ढोल म्हटलं की तुमचे पाय आपोआप हलाले लागतात. थांबा, मित्रांनो. मी नाचायचा ढोल नाई. मी हळदीचा ढोल आहो. चांगला जुना, लोखंडी जाळीचा, अन् डोक्यात राग घेऊन बसलेला.

हळद वावरातून निघते, शिजते, उनात वाळते. तेव्हा ती दिसते कशी? मातकट, भेगाळलेली, म्हातारीच्या टाचेसारखी. मग तिले माह्या पोटात टाकतात अन् मले गरगर फिरवतात. हळकुंडं एकमेकाईवर घासतात, साल अन् माती जाळीतून खाली गळते, अन् पिवळीधम्मक हळद बाहेर येते. एवढंच माहं काम. पण एवढ्याशा कामात मी एका शेठचं नाक कापलं. तेच सांगाचं आहे.

मले रिसोडच्या गुलाम नबी चाचानं बनवलं. जुन्या गाडीचा दांडा, नवी जाळी, अन् दोन दिवस वेल्डिंगच्या ठिणग्या. माहे मालक पंजाबराव मले न्यायले आले तेव्हा चाचा म्हणाला, "भाऊ, एक काम करना. इसको पानी मत दिखाना. जंग लगा तो हळद काली."

पंजाबरावनं ते मनात पक्कं धरलं. तसाही आमच्या भागात तो नियमच आहे. ढोलाले पाणी दाखवत नाई. काम झालं की कोरड्या पोत्यानं पुसाचं, बस.

रिसोडकडच्या मालेगावजवळचं त्याईचं गाव. सीझन लागला की मी ट्रॅक्टरमागे. आज या वावरात, उद्या त्या. बाया हळकुंड हातात घेऊन म्हणायच्या, "पंजाबराव दादाच्या ढोलातली हळद पाहा बरं, आरसा!" मी अजून जोरात फिरायचो. कौतुक कोणाले नाई आवडत?

मग पंजाबरावची पोरगी शिकून आली. धम्मदीपा. खाण्याच्या पदार्थाईची पदवी घेतली होती तिनं. पुण्यात कंपनीत लागली होती, ते सोडलं.

"बाबा, आपली हळद इथून पोत्यात जाते. कोणीतरी दळते, कोणीतरी बाहेरदेशी पाठवते. नाव त्याचं होते. आपुन काहून नाई पाठवायची?"

"पाठव ना. मी काय आडवा पडलो काय?"

तिनं पाकीट छापून आणलं. वर मोठ्या अक्षरात, 'पंजाबराव हळद'.

पंजाबराव पाहतच राह्यले. "माहं नाव? मतदार यादी सोडून आजवर कुठं छापलं नाई बाई हे."

त्या दिवशी त्याईनं ते रिकामं पाकीट खिशात घातलं अन् गावभर दाखवलं. तेच पाकीट, तेच नाव. एवढंच पणाले लागलं होतं, मित्रांनो. ध्यानात ठेवा.

धम्मदीपानं फोनवर बोलून बोलून जर्मनीतलं एक गिऱ्हाईक मिळवलं. तो म्हणाला, आधी नमुना पाठवा, आमी तपासू, मग माल.

हे रामधन शेठच्या कानावर गेलं. रिसोडचा हळदीचा आडत्या. हसून हसून त्याचं पोट हललं.

"जर्मनी? पोरी, मालेगावच्या एस्टीत बसाले जागा भेटत नाई, अन् चालली जर्मनीले!"

"उभ्यानं जाईन काका," धम्मदीपा म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात रामधनचा माणूस मले भाड्यानं न्यायले आला. सीझन होता, ढोल कमी होते. धम्मदीपा पाकिटाच्या कामाले अकोल्याले गेली होती. पंजाबरावनं देऊन टाकलं. आजवर सगळ्याईले देत आले होते, यालेही दिलं.

रामधनच्या गोदामात मी फिरून राह्यलो होतो. तेवढ्यात तो एक पोतं घेऊन आला. पिवळी भुकटी. पण ते पिवळं हळदीचं नव्हतं, मित्रांनो. हळदीले वास असते. त्याले वासच नव्हता.

"टाक बे, टाक! मूठभर काय टाकतं? चमक आली पाह्यजे." तो गड्यावर वरडला.

ती भुकटी माह्या जाळीच्या सांध्यासांध्यात शिरली. दांड्याच्या बुडात जाऊन बसली. थुंकून टाकावं वाटलं. पण मले तोंड कुठं आहे? मले फक्त पोट आहे.

मी घरी आलो. पंजाबरावनं पोत्यानं पुसलं.

"बाबा, धुवायचा काय एकदा?" अकोल्याहून परतलेल्या धम्मदीपानं इचारलं.

"ढोलाले पाणी नाई दाखवत बाई."

"बरं," म्हणाली ती. इतकं शिकलेली पोरगी, पण बापाच्या नियमापुढं गप बसली. अन् तिची सोन्यासारखी हळद, रासायनिक खताचा दाणा न घातलेली, माह्या पोटात आली. मी थांबाचा लई प्रयत्न केला. पण बटन दाबलं की मले फिरावंच लागते.

नमुना गेला, अन् जर्मनीहून उत्तर आलं. हळदीत रंग आहे. रंगात शिसं आहे. तुमच्यासंग आमचा व्यवहार बंद.

धम्मदीपानं विहिरीचं पाणी तपासून घेतलं. माती तपासली. पोती तपासली. काहीच निघालं नाई. ढोल तपासाचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाई. अन् रामधन बाजारात बसून सांगत सुटला, "पंजाबराव हळद नका म्हणू, रंगराव हळद म्हणा!"

लोक हसले. काल आरसा म्हणणारे लोक. पंजाबरावनं रिसोडले जाणं सोडलं. खिशातलं पाकीट कुठं गेलं कोणास ठाऊक. अन् मले लिंबाखालच्या पत्र्याच्या छपरात ढकललं. कोंबड्या माह्यावर बसाच्या. मी सगळं सोसलं. पण दांड्याच्या बुडातला तो रंग मी सांभाळून ठेवला. म्हटलं, शेठ, येशीन. कधीतरी येशीनच.

अन् आला ना! पुढच्या सीझनले सोता रामधन दारात.

"पंजाबराव, माह्या ढोलाचा दांडा तुटला. कंटेनर भराचा आहे. तुमचा द्या."

"कोणाचा कंटेनर?" धम्मदीपानं इचारलं.

"तुह्याच जर्मनीवाल्याचा!" तो फुगून म्हणाला. "तुले नाई जमलं, मले जमलं. यंदा रंग बिलकुल बंद केला म्या. मांगच्या साली याच ढोलात टाकला होता. काय चमकला होता माल, आहाहा! पण हे बाहेरवाले लई चिकित्सक."

बोलून गेला. त्याले कळलंही नाई काय बोलला.

पंजाबराव उठाले लागले. धम्मदीपानं त्याईचं मनगट धरलं, खाली बसवलं.

"न्या ना काका," ती म्हणाली. गोड आवाजात. "पुसलेला आहे. पण धुतला नाई बरं."

"धुते काय कोणी? ढोलाले पाणी दाखवते काय?"

"नाई दाखवत," धम्मदीपा म्हणाली.

तो गेल्यावर बाप म्हणाला, "बाई, लोकाईच्या पोटात जाईन ते."

"नाई जाणार. तिकडे तपासल्याबिगर उतरवतच नाई. अन् माल परत आला तर इथं मी आहो."

मित्रांनो, त्या गोदामात मी असा फिरलो, असा फिरलो! एकेक सांधा सैल केला. जे त्यानं मले चारलं होतं, ते घासाघासानं त्याच्या हळदीले चारलं. तो बाजूले उभा राहून मोबाईलवर माहा व्हिडिओ काढून राह्यला होता. काढ म्हटलं, लेका. काढ.

तपासणीत तोच रंग निघाला, अन् माल जर्मनीच्या बंदरावर अडकला.

रामधन पेटला. बाजाराच्या दिवशी त्यानं मले गोदामातून ट्रॅक्टरमागे बांधून रिसोडच्या बाजारात आणलं, चोर धरून आणल्यासारखं. धम्मदीपा अन् पंजाबरावले बोलावणं धाडलं. शेतकरी जमले, आडते जमले.

"पाहा! हिच्या ढोलात रंग आहे!" त्यानं दांड्याच्या बुडात बोट घातलं अन् पिवळं बोट सगळ्याईले दाखवलं. "हिनं मले बुडवलं!"

धम्मदीपा शांत उभी होती. "रंग आहे, काका. मले मान्य. कोणी टाकला?"

"मले काय माहीत! ढोल तुहा!"

"मांगच्या साली याच ढोलात टाकला होता, काय चमकला होता माल. हे कोण म्हणालं होतं, माह्या दारात, माह्या बाबासमोर?"

मग दौलतसिंग नावाचा म्हातारा शेतकरी पुढं आला. "शेठ, तुमच्या गोदामात ते पिवळं पोतं म्याच उतरवलं होतं. इचारलं तर म्हणाले, औषध आहे."

"औषध?" कोणीतरी मागून वरडलं. "कोणाच्या रोगाचं?"

हशा पिकला. तोच हशा, पण या टायमाले दुसऱ्याच्या अंगावर. रामधनचं बोट अजून वरच होतं. खाली घ्यायचं सुचत नव्हतं त्याले.

"माल परत आला की तो इथं कोणी घेऊ नका," धम्मदीपा म्हणाली. "जे जर्मनीच्या लेकराईले चालत नाई, ते आपल्या लेकराईले काहून चालावं? अन्न खात्याले म्या कळवलं आहे."

पंजाबराव गर्दीतून रस्ता करत आले अन् माह्या जाळीवर हात ठेवला.

मले गुलाम नबी चाचाकडं नेलं. त्यानं जुनी जाळी कापून काढली. पंजाबरावनं सोताच्या हातानं माह्यावर पाणी ओतलं. पिवळं पाणी गेलं, मग फिकं, मग स्वच्छ. लगोलग उनात वाळवलं, नवी जाळी बसवली, खायचं तेल लावलं. जंग बिंग काही लागला नाई. आता भाड्यावरून परत आलो की दरवेळी आंघोळ.

जर्मनीवाल्यानं अजून पूर्ण विश्वास ठेवला नाई. दुसरा नमुना मागतला, एवढंच. पण रिसोडच्या बाजारात 'पंजाबराव हळद' आता कोणी रंगराव म्हणत नाई. अन् रामधनच्या दुकानासमोरून ट्रॅक्टर जाते तेव्हा धम्मदीपा ड्रायव्हरले म्हणते, "हळू घ्या." मी मुद्दाम खडखड करतो.

मित्रांनो, उद्या तुमीही शिकसान, धंदा काढसान, दूरदूरच्या देशात माल पाठवसान. पाठवा. पण यंत्र दुसऱ्याच्या घरून आलं की त्याच्या पोटात आधी हात घालून पाहा, अन् बापाचा नियम असला तरी एकदा इचारा, काहून? अन् आमाले घास देताना जरा जपून. आमी यंत्रं काही पचवत नाई. ठेवून घेतो.